स्वप्नीलची फाइल

३ एप्रिल
झालो एकदाचा लालबागकर. चाळ पाडून उभ्या केलेल्या इमारतीत सतरावा मजला, खालच्या मसाला गल्लीतला मिरचीचा ठसका कपड्यांना चिकटून लिफ्टमधून थेट वर येतो. शिंकत शिंकतच घरात पाऊल ठेवलं. घरमालकीण सुभद्राकाकू एकट्याच असतात. त्यांचा मुलगा स्वप्नील दोन वर्षांपूर्वी गेला. हार घातलेला त्याचा फोटो त्याच्याच कॉम्प्युटरशेजारी ठेवलाय. काकूंचं बोलणं अस्सल मालवणी आणि मी संगमनेरचा, त्यामुळे निम्मं डोक्यावरून जातं. झील म्हणजे मुलगा, एवढं आज शिकलो. तुम्ही भाऊ किती, आईपाशी कोण राहतं, हे त्यांनी दोनदा विचारलं. धाकटा प्रफुल्ल घरीच असतो म्हटल्यावर अशा खूश झाल्या की तिखला म्हणतात त्या झणझणीत कालवणातला दुसरा बांगडा आपोआप ताटात पडला. बाई मायाळू आहे. पुण्याला नोकरी लागून प्रितीशी लग्न होईपर्यंत इथेच मुक्काम.

७ एप्रिल
काकूंनी स्वप्नीलचा कॉम्प्युटर बघायला सांगितला. ऑफिसात दिवसभर लोकांची बिघडलेली मशीन सुधारायची आणि घरी येऊन पुन्हा तेच. पण बांगड्याला जागायला हवं. चालू करताच लॉटरीच्या जाहिराती, ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे’ अशा खिडक्यांवर खिडक्या. स्कॅन लावला तर व्हायरसांची जत्राच निघाली. काकूंची अट एकच, सगळं पुसून कोरं करायचं नाही. त्याचे फोटो आहेत आत.

९ एप्रिल
जत्रा उठली, एक फाइल सोडून. ती पुसली की पुढच्या वेळी परत हजर. आज पुसायला गेलो तर संदेश आला की ही फाइल दुसऱ्या वापरकर्त्याने उघडलेली आहे, नाव स्वप्नील. जुनं खातं चालू राहिलं असणार, दुसरं काय. ते खातंच उडवलं. फाइल आली, संदेशही तोच आला. माझ्यासारख्याला एक फाइल दाद देत नाही म्हणजे काय? आता ईर्षेला पेटलोय.

१२ एप्रिल
काकू शेजारी येऊन बसल्या आणि दहाव्याची हकीकत सांगू लागल्या. बाणगंगेवर पिंड ठेवले, कावळा भिंतीवर येऊन बसला, पण शिवेना. आईला अंतर देणार नाही असा मामाने शब्द दिला, काकाने दिला. कावळा ढिम्म. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. घरच्या कुणाच्याच शब्दाने त्याचं समाधान झालं नाही, असं म्हणून काकू माझ्याकडे बघत राहिल्या.
मला चेष्टा सुचली. स्क्रीनपुढे हात जोडले आणि म्हटलं, “बाबा स्वप्नील, तुझ्या आईला सोडून मी कुठे जाणार नाही. शीव आता.” आणि बटण दाबलं. फाइल गेली. बंद करून, चालू करून पुन्हा पुन्हा पाहिलं, परत आली नाही. मी पोट धरून हसलो. काकू हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि उद्या गोडाचं करते म्हणाल्या.

२० एप्रिल
पुण्याची नोकरी मिळाली! दोन मेला रुजू व्हायचं. प्रिती फोनवर रडलीच. काकूंनाही सांगितलं. त्या ‘बरां’ म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या. निदान थोडं वाईट वाटेल असं वाटलं होतं मला.

२२ एप्रिल
पुण्याहून उत्तर आलं, तुमच्या नकाराचा खेद वाटतो. कसला नकार? माझ्याच मेलवरून गेलाय. आईला सोडून येता येत नाही, एवढंच लिहिलंय. फोन लावला, तर जागा भरली म्हणे. काकूंच्या मशीनवर मी एकदा मेल उघडला होता, ती घाण तिथूनच आली असणार. माझा फोन कोरा केला, पासवर्ड बदलले. त्यांचं मशीन पुन्हा तपासलं. लख्ख आहे, एक किडा नाही.
मग ते गेलं कुठे?

२४ एप्रिल
प्रितीने संबंध तोडला. मला विसर, असं काल मीच तिला फोन करून सांगितलं म्हणे. आवाज माझाच होता, बोलणं मालवणी. मला मालवणी येत नाही हे तिला सांगत राहिलो. ती हसली — आणि फोन ठेवला.

२५ एप्रिल
काकूंना विचारलंच. त्या भाजी चिरत होत्या. मानही वर केली नाही.
“शब्द दिलंस मां? तुझ्या आवशीक आणखी एक झील आसा. माका एकच होतो.”
म्हणजे माझ्या आईपाशी प्रफुल्ल आहे. पहिल्या दिवशी भाऊ किती म्हणून विचारलं होतं, ते यासाठी. मला भीती वाटते आहे. बॅग भरली.

२६ एप्रिल
लिफ्टपर्यंत गेलो. शेजारच्या राधाबाई म्हणाल्या, स्वप्नील, आईची औषधं आणायला निघालास का — आणि मी हो म्हटलं. औषधं घेऊन परत आलो. कुठली आणायची ते मला कुणीच सांगितलं नव्हतं.

२७ एप्रिल
संगमनेरला फोन केला. आईनेच उचलला. आई, मी अभय —
“राँग नंबर. मला एकच मुलगा आहे, तो इथे जेवतोय.”
मागून प्रफुल्लने विचारलं, कोण गं. कुणी नाही, म्हणाली.
टेबलावरच्या फोटोचा हार काकूंनी काढून टाकलाय.

२८ एप्रिल
माझं नाव अभय. गाव संगमनेर. धाकट्या भावाचं नाव — आत्ता होतं.
बॅग दारात आहे. काकू जेवायला हाक मारतायत. तिकडे बघायचं नाही. दार उघडायचं, आणि —
आयेन तिखला केल्यान हा. जेवतंय आणि मग —
नाही. अभय. अभ—
आये, मी खंय जावचंय नाय. मी