‘ओळख बरं मी कोण’ म्हणणाऱ्यास वाटा नाही

मी, संजीवनी शालिग्राम खर्चे, वय २९, धंदा नोकरी (जनुक-तपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ), राहणार वडनेर भोलजी, ता. नांदुरा, माझी बुद्धी शाबूत आहे तोवर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला आजची तारीख विचारली, मी बरोबर सांगितली, त्यांनी दाखल्यावर कालची घातली. खाडाखोडीवर त्यांची सही आहे.

१. कारण. अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती माझ्यात आढळल्या. एक आईकडची, एक बाबांकडची. हा धोका आहे, निदान नव्हे. पण मेंदूतले बदल विसरण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतात, म्हणून हा दस्त आताच. दोन्ही घराण्यांनी आपापली प्रत नाकारली आहे. मामा म्हणाले, “तू त्याच लॅबमधी आहेस ना? मंग आमच्याकडची कमी करून टाक.” तसं करता येत नाही.

२. माझ्या पगारातून घेतलेली तीस गुंठे जमीन बाबांना.

३. स्कूटर धाकटा भाऊ कुलदीप याला, पुढील अटीवर. आमच्या कोकिळाआत्याला चार वर्षांपासून विसर पडतो. गेल्या अखजीला (अक्षय्य तृतीयेला) कुलदीपने तिला खुर्चीवर बसवून अकरा पाहुण्यांकडून ‘ओळख बरं मी कोण’ विचारवलं आणि गुण मांडले: अकरापैकी तीन. त्याला स्वतःला ती म्हणाली, “तुले सोताले माहीत नाही काय बे?” या उत्तराला त्याने शून्य दिलं. माझ्या मते पूर्ण गुण हवे होते.

मला विसर पडल्यावर हा प्रश्न विचारणाऱ्या कोणाचाही वाटा रद्द. आपलं नाव आपण सांगावं आणि जवळ बसावं.

४. बाबा साक्षीला आले. वाटेकऱ्याने साक्षीदार होऊ नये, असं मी सांगितलं. “मंग मले जमीन नको. सही करतो,” म्हणाले. जमीन आता आत्याच्या देखभालीसाठी.

सहीपूर्वी त्यांनी कलम तीन दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि आतल्या खोलीत आत्याकडे गेले.

“कोकिळे, मी शालिग्राम. तुहा भाऊ.”

“असशील बाप्पा. बैस.”

ते बसले. त्यामुळे सह्यांना सव्वा तास उशीर झाला.

लिहून ठेवणार: संजीवनी शालिग्राम खर्चे (सही)
साक्षीदार: १. शालिग्राम तुळशीराम खर्चे (सही) २. योगिनी निवृत्ती पाटील, मैत्रीण (सही)
वडनेर भोलजी, दि. १४ जून २०२५