प्रयागचं स्थळ

१० मार्च

मैना माजावर आली! रामनगरच्या तबेल्यातून शिवलालचा सकाळीच फोन — "बाबूजी, घोड़ी गरम है. अब की बार चूकिए मत." गेल्या वर्षी मी घोडे बघत बसलो आणि अख्खा मोसम हातचा गेला. या वर्षी नाही! मैनेचं एक शिंगरू या डोळ्यांनी बघायचंय. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर माणसं चारधाम करतात, मी घोडी घेतली. पद्मा अजून टोमणे मारते.

घरात 'घोडा' म्हटलं की ती कपाळाला हात लावते. "निदान जेवताना तरी नको हो!" म्हणून मी आणि प्रल्हाद फोनवर 'स्थळ' म्हणतो. प्रल्हाद म्हणजे पद्माचा भाऊ, प्रयागला असतो, घोड्यांतलं त्याला चांगलं कळतं. मिर्झापूरचं स्थळ, प्रयागचं स्थळ, आणि मैना म्हणजे आपली पोर. हसून हसून पुरेवाट होते दोघांची.

११ मार्च

मिर्झापूरचा घोडा बघून आलो. मुद्दाम न कळवता गेलो. पुढ्यात चारा असताना जवळ गेलं की घोड्याचा खरा स्वभाव कळतो. दिसायला राजबिंडा, पण डोळ्याखाली भोवरा! इकडे त्याला आँसूढाल म्हणतात, घरात रडं आणतो म्हणे. बरं, तेही सोडलं असतं. पण चाऱ्याशी गेलो तर कान मागे टाकले आणि दात काढून अंगावर आला. आपल्याला नाही चालणार असला. मालक चिडून म्हणाला, "पंडितजी, बेटी ब्याह रहे हैं क्या?" म्हटलं, तसंच समजा!

राहिलं प्रयागचं. प्रल्हादला बजावलंय — मालकाच्या बोलण्यावर जाऊ नकोस. शेजाऱ्यांना विचार. आधी ज्यांच्या घोड्या तिथे नेल्या त्यांना विचार. खोदून खोदून विचार.

१२ मार्च

पाडव्याला आमच्या लेकीचा, मधुराचा साखरपुडा, विसरून चालणार नाही. हॉलवाल्याला फोन केला, पेढ्यांचं सांगितलं. मुलगा ऋतुराज, तोही प्रयागचाच. बँकेत आहे, घर स्वतःचं. प्रल्हादनेच सुचवला. जानेवारीत येऊन गेले सगळे. मान खाली घालून पोहे खाल्ले त्याने, पत्रिका जुळली, अर्ध्या तासात ठरलं, नारळ-कापडही दिलं. मधुरा काहीच बोलली नाही. शाळेतून आली की वह्या तपासत बसते. पद्मा म्हणते, लाजते.

१४ मार्च

संध्याकाळी मुन्शी घाटावर बसलो होतो, तेवढ्यात प्रल्हादचा फोन. समोर मोटरबोटींची फटफट, पलीकडे कोणाचा तरी लाउडस्पीकर. अर्धं ऐकू येईना.

"विश्वेश्वरराव, प्रयागच्या स्थळाची खबर चांगली नाही. भयंकर तापट आहे. अंगावर धावून जातो. आधी एक आली होती, ती घाबरून परत गेली. आपल्यापासून लपवलं यांनी."

माझं डोकंच फिरलं. ओरडलो — "मग बंद! माझी पोर असल्याच्या दारात उभी करणार नाही मी! आत्ताच्या आत्ता कळवून टाक!"

"एकदा ताईशी बोला, विचार करा—"

"विचार कसला करायचा त्यात?"

पायरीवरचा नावाडी वळून बघायला लागला. प्रल्हाद म्हणाला, "शाबास, विश्वेश्वरराव." आवाज भरून आला होता त्याचा. घोड्यापायी इतकं काय, असं वाटलं मला.

१५ मार्च

काय होऊन बसलं हे!

सकाळी प्रल्हादचा फोन. "कळवलं त्यांना. आपला नारळ आणि कापड परत पाठवतायत." मी म्हटलं, "घोड्याला कापड कधी दिलं आपण?"

तो घोडा नव्हताच. ऋतुराज होता! त्याचं आधी एक लग्न झालंय. ती मुलगी महिनाभरात माहेरी पळाली, हाताला प्लास्टर घेऊन. तिचे आईवडील त्या घोडेवाल्याच्या शेजारीच राहतात. प्रल्हाद माझ्या सांगण्यावरून घोड्याची चौकशी करायला शेजारी गेला, म्हणून कळलं. नाहीतर कळलंच नसतं.

यावर मी काय बोललो ते लिहितो. दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. मी म्हणालो, "अरे, पाडवा तोंडावर आला! लोकांना काय सांगू? तरुण माणसं रागावतात रे, लग्न झालं की निवळतात. त्यांना म्हणावं, गैरसमज झाला."

"काल तर म्हणालात, विचार कसला करायचा त्यात."

"काल मी मैनेबद्दल बोलत होतो!"

बोललो मी हे. चांगलं मोठ्याने! प्रल्हादने फोन ठेवून दिला. पद्मा आंघोळीला गेली होती, तेवढंच नशीब.

दिवसभर तेच वाक्य कानात. मिर्झापूरला त्या घोड्याने नुसते दात काढले तर मी उलट्या पावली परतलो. आणि इथे मुलीचा हात मोडणारा माणूस — तर निवळेल म्हणे! थू माझ्या जिनगानीवर. लाज वाटते, लाज.

तरी उद्या मुलाच्या वडिलांना स्वतः फोन करणार आहे. निदान त्यांची बाजू ऐकून घेतो.

१६ मार्च

फोन झाला नाही.

नंबर काढून बसलो होतो. मधुरा आत आली आणि वाकून पाया पडली. मी फोन लोडाखाली सारला. चोरासारखा!

"मामा म्हणाला, घाटावरून ओरडून नाही म्हणालात." रडत होती. "मला तो पहिल्या दिवसापासून नको होता, अप्पा. पोहे द्यायला गेले तर कामवालीच्या अंगावर कसा खेकसला, मी बघितलं होतं. पण वाटलं, तुम्ही समजून घे म्हणाल."

मी म्हणालो, "बापाचं कामच आहे ते."

कोडगा! डोक्यावरून हातसुद्धा फिरवला तिच्या.

पद्मा दारात उभी. वाटलं, आता ही लोकांचं काढणार. तर म्हणाली, "जन्मात एक काम धड केलंत हो." आणि शिरा केला. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी मान खाली घालून शिरा खाल्ला.

१७ मार्च

शिवलालचा फोन. मैनेचा माज उतरला, आता पुढचा येईपर्यंत दोन-अडीच आठवडे थांबा म्हणतो. रामनगरला गेलो नाही. तिच्यासमोर उभं राहायचीही लाज वाटते.

१८ मार्च

प्रल्हादला फोन लावला. मधुराला यातलं काही सांगू नकोस, असं म्हणणार होतो. उचलला नाही.

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली. साखरगाठी बांधताना मधुरा माझ्याकडे न बघता म्हणाली, "अप्पा, मामाने तुमचा फोन ठेवला, त्याच दिवशी मला सगळं सांगितलं होतं. घाटावर तुम्ही मैनेबद्दल बोलत होतात तेही."

हातातला तांब्या मी खाली ठेवला. म्हटलं, "मग पाया कशाला पडलीस?"

"पडले नसते तर तुम्ही ऋतुराजच्या घरी फोन केला असतात."

केलाच असता.