मधली एकोणीस पानं

३ मार्च

चि. बोरू,
प्रभूच्या कृपेने सुखी असावीस.

नव्या कादंबरीची मुद्रितं मिळाली. नेहमीप्रमाणे बायबलमधली वचनं ताडून पाहिली. दोन ठिकाणी अध्याय चुकलाय. इतकी पुस्तकं लिहिलीस, पण पाठांतर लहानपणी होतं तिथेच आहे. आणि पान ११२ नंतर एकदम १३२? लपवायचं होतं तर आकडे तरी बदलायचेस. तुझा नायक माझ्यासारखाच चर्चचा पाळक आहे आणि माझ्यासारखाच चष्मा कपाळावर ठेवून शोधत फिरतो, म्हणून विचारतोय. मधली पानं पाठव.

आई बरी आहे. पुस्तकासाठी भिंग पुसून ठेवलंय.

तुझा दादा

७ मार्च

ती. दादास,
सा. न.

लपवली खरी. सोबत पाठवतेय. बाबांच्या शेवटच्या दुपारी तू खाटेशी गुडघे टेकलेस, पण प्रार्थना सुचेना, देव आहे की नाही तेही कळेना, म्हणून नुसता पाढा पुटपुटत राहिलास. हे तू एकदाच, फक्त मला सांगितलं होतंस. ते मी लिहिलंय.

रोज सकाळी प्रार्थना करून लिहायला बसते आणि घरातल्याच कुणाचं तरी उचलते, याची लाज वाटते. पण माझ्या आधीच्या पुस्तकांत माणसं गुडघे टेकतात आणि लगेच उत्तर मिळतं. तसं लिहिताना आता हात अडखळतो. विश्वासाबद्दल मी लिहिलेलं हे एकच प्रकरण खरं आहे.

शुक्रवारी छपाई. तू नको म्हणालास तर काढेन. मनापासून नाही, पण काढेन.

रागाव, अबोला मात्र धरू नकोस.

बोरू

९ मार्च

चि. बोरू,

काढ. आमच्या चर्चच्या मंडळीचे चिटणीस तुझं प्रत्येक पुस्तक वाचतात. त्यांनी ओळखलं की माझं काम आणि राहतं घर दोन्ही जाईल. तेही सोसेन. पण आई आठ वर्षं त्या प्रार्थनेवर जगतेय. माझ्यामुळे बाबा शांतपणे गेले, असं दर वर्षी माझा हात धरून सांगते. ते तिच्याकडून काढून घेणारी तू कोण? आणि आठ वर्षं नुसती मान डोलावणारा मी तरी कोण?

अन्न गोड लागत नाही. लगेच कळव.

दादा

११ मार्च

ती. दादास,
सा. न.

काढलं. छापखान्यात स्वतः जाऊन सांगून आले. आईला काही कळू देऊ नकोस.

बोरू

१३ मार्च

चि. बोरू,

टपालाला वेळ नाही, म्हणून हे पत्र खुद्द चिटणिसांच्या हाती पाठवतोय. ते तिकडेच निघालेत. पाकीट नीट चिकटवलंय.

आजच छापखान्यात जा आणि पानं परत घालायला सांग. ती माझ्या टेबलावर राहिली होती. काल घरी आलो तर आई भिंग लावून शेवटच्या पानावर पोचलेली. ती एवढंच म्हणाली की बोरूने पाढा चुकीचा लिहिलाय. तेराचा नाही, मी सतराचा म्हणत होतो. ती खाटेच्या पलीकडेच होती, काही बहिरी नव्हती. सतरा सातेला मी अडकलो, तेव्हा बाबांनी डोळे न उघडता एकशे एकोणीस म्हणून पुढचं सांगितलं. ते त्यांचं शेवटचं बोलणं. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला आणखी काय हवं होतं, असंही म्हणाली.

मी इतका घाबरलो होतो की मला ते ऐकूच आलं नव्हतं. काल आईजवळ बसून रडलो.

पुस्तक येण्याआधी, या रविवारी, मीच मंडळीला सगळं सांगणार आहे. घर राहील की जाईल, ठाऊक नाही. तू ये. तेराच्या जागी सतरा कर, बाकी दुरुस्ती नाही.

लोभ होता तसाच असू दे. पुढच्या बाकावर बस, आणि मी अडकलो तर पुढचं सांग.

दादा