शिव्या लाकूडवाल्यालाच घाल

मस्कत,
१२ ऑगस्ट १९९८

प्रिय विशाखा,
सप्रेम जय भीम. मी बरा हाय. खोलीत पंखा हाय, जेवण बी वेळेवर मिळतंय. सोनम शाळेत रडत न्हाय न्हवं?

तुझं पत्र मिळालं. आबांनी लेथवर कातलेल्या लाटण्यांवर खाचा पडत्यात, लाकूड डुगडुगतंय म्हणून ते गडमुडशिंगीच्या लाकूडवाल्याला शिव्या घालत्यात, असं लिहिलंस. इथनं मी काय बघू? लेथचा नुसता आवाज ऐकला असता तरी कळलं असतं.

आबा कामाला बसायच्या आधी एक कर. चौकोनी लाकडाच्या दोन्ही टोकांवर कोपऱ्यातनं कोपऱ्यात रेघा मार. त्या जिथं एकमेकींना कापतील तिथंच लाकूड लेथमधी अडकव. लेथ चालू करून पेन्सिल हळूच टेकव. खूण एकाच कोपऱ्यावर उठली, तर ती बाजू बाहेर आलीया. लेथ बंद कर, लाकूड जरा सैल कर आणि तिथं हलकं ठोक. चारी कोपऱ्यांवर सारखी खूण उठली, की लाकूड मधोमध बसलं.

एवढं करून बी खाचा पडल्या, तर खोट लाकडात न्हाय. मग आबा चहाची कपबशी कशी धरत्यात ते बघ. बशी वाजत असंल तर मला लिही. लिहून बी मी काय करणार म्हणा, उन्हाळ्यापर्यंत रजा न्हाय.

त्यांना मातूर कळू देऊ नको. लाकूड वाकडंच आलंय म्हण, आणि लाकूडवाल्याला दोन शिव्या तू बी घाल.

तुझा,
प्रसेनजीत