डायगोनली म्हणजे दोन्हीकडं

२ सप्टेंबर १९७४, सोमवार
मुंबईच्या व्यापाऱ्याचं इंग्रजी पत्र आलं. अक्कलकोट रोडच्या आमच्या आख्ख्या कारखान्यात इंग्रजी येणारा मी एकटाच, त्यामुळे रेवणप्पा मालकांनी माझ्याकडंच दिलं. टॉवेलाला लेबल 'डायगोनली' शिवायचं. शब्द नवीन. पण डायलॉग म्हणजे दोघांचं बोलणं, तेव्हा डायगोनली म्हणजे दोन्हीकडं. डिक्शनरी घरी आहे. गरज काय?

शिलाईवाल्या नागम्माला सांगितलं, दोन्ही टोकांना एकेक लेबल. ती म्हणाली, मागल्या खेपेला कोपऱ्यावर तिरपं लावलं हुतं की. मी म्हटलं, बाई, तुला इंग्रजी येतं का? तिनं मशीन सुरू केलं.

११ सप्टेंबर, बुधवार
सहाशे टॉवेल परत आले.

मालक ओरडले, कुणी शिवलं हे? नागम्मानं माझ्याकडं बघितलं. मी कपाटात फाइल शोधत होतो. कुठली, ते आठवत नाही. मालकांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिचा नवरा अंथरुणावर. घरात मिळवणारी ती एकटीच.

घरी येऊन डिक्शनरी काढली. डायगोनली : तिरपं, कोपऱ्यावरून. छापणाऱ्याची चूक असेल म्हणून शेजारच्या मास्तरांची बघितली. तिच्यातही तेच.

उद्या पहिलं काम, मालकांना खरं सांगणे. काय वाट्टेल ते होवो.

१२ सप्टेंबर
मालकांचं डोकं तापलेलं. अशा वेळी खरं बोलून उपयोग नसतो. उद्या नक्की.

१३ सप्टेंबर, सकाळी
लेखी कबुली दिलेली बरी. इंग्रजीत लिहिली, चांगली फुलस्केपभर. 'आय अलोन अ‍ॅम टू ब्लेम' हे वाक्य तर झकास जमलंय. बायकोला वाचून दाखवली. शालन म्हणाली, मालकांना इंग्रजी कुठं येतं? तिला ड्राफ्टिंगमधलं काही कळत नाही.

संध्याकाळी
मालकांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि माझ्याच हातात परत दिला. म्हणाले, काय लिवलंय ते सांगा की.

मी सांगितलं, दोन दिवसांची रजा पाहिजे.

मिळाली. शी! स्वतःचीच लाज वाटते. जेवण गेलं नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार. रजा
सकाळीच नागम्मा दारात. म्हटलं, आली भांडायला. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, सायेब, मालक तुमचं ऐकत्यात. माफीचा अर्ज लिवून द्या.

मी कसाबसा म्हणालो, अगं, चूक तुझी नव्हती. ती म्हणाली, ठाव हाय की मला. पण तसं लिवल्याबिगर मालक कामावर घ्यायचे न्हाईत. माझीच लिवा.

शालन आतून बघत होती.

अर्ज मराठीत लिहिला. 'चूक माझ्या हातून झाली, मी एकटी जबाबदार आहे.' अक्षर नेहमीसारखंच आलं. खाली नागम्मानं अंगठा उठवला.