दोन गज दाभाडे

मी, धम्मपाल कचरू दाभाडे, वय ७३, एस.टी.च्या वर्कशॉपमधून ब्रेक तपासनीस म्हणून निवृत्त, राहणार हर्सूल, छत्रपती संभाजीनगर (माझ्या जुन्या कागदांवर औरंगाबाद आहे, ते हेच गाव), लिहून ठेवतो की, माझी बुद्धी ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही आणि नशापाणी मी जन्मात केलेले नाही. डॉ. अतुल यांनी तपासून तसा दाखला दिला आहे. मन कसे आहे, असे त्यांनी विचारले. चालू आहे, एवढेच मी सांगितले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

१. घर. माझ्या कष्टाने बांधलेले राहते घर एकुलता एक मुलगा आकाश याचे राहील. तो पुण्यात असतो, इथे येऊन राहील असे वाटत नाही. त्याने विकले तरी हरकत नाही. घेणाऱ्याने शेजार कसा आहे असे विचारले तर त्याला हा कागद दाखवू नये.

२. बँकेत जे काही शिल्लक निघेल तेही आकाशचे. त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

३. हत्यारे. पाने, जॅक आणि लोखंडी पेटी वर्कशॉपमधला माझा जोडीदार सुदर्शन याला द्यावी. धावत्या गाडीला थांबायला किती जागा लागते हे त्याला कळते. आमच्या गल्लीत ते कोणालाच कळले नाही.

४. ओसरीतला चुन्याचा डबा, ब्रश आणि दोरी. या वस्तू कोणालाही देऊ नयेत, फेकून द्याव्यात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर मी स्वतः दोरी धरून चुन्याचे गोल मारले होते. दोन गोलांमध्ये मोजून दोन गज. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर प्रत्येक गोलात एकेक पिशवी शिस्तीत नंबर लावून उभी होती, एका गोलात नुसती चप्पल होती, आणि पिशव्यांचे मालक कडुलिंबाच्या सावलीत एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून माझ्याबद्दल बोलत होते. पिशव्यांना शेवटपर्यंत काही झाले नाही.

त्या काळात गल्लीने माझ्या डोळ्यांसमोर जे केले त्याची नोंद इथेच करतो. शिंक आली की मास्क खाली घ्यायचे, कारण ओला होतो. फोन आला की खाली, कारण आवाज जात नाही. गुटख्याच्या पुडीची पिचकारी मारायला खाली, आणि मारून झाली की पुन्हा नीट नाकावर. एक गृहस्थ आईच्या औषधाची चिठ्ठी खिशात घालून रोज गावभर फिरत. आई आधीच वारली होती. पोलीस दिसले की ते रडवेले तोंड करत, आणि पोलीस त्यांना पाणी पाजत. मी हटकले की सगळे गोड हसत आणि म्हणत, आपलं पब्लिक लई कडक हाय साहेब, काय होत नाय. फोन लावला की एक बाई दोन गज अंतर ठेवायला सांगायची, तेव्हापासून माझे नाव दोन गज दाभाडे पडले. पोरेटोरे मला पाहून तसे ओरडत. तेव्हा माझे डोके फिरायचे. आता ते नाव ऐकले तर मी ओ सुद्धा देईन.

५. रत्नमाला. माझी पत्नी दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, सरकारी दवाखान्यात वारली. ती उंबऱ्याबाहेर पडत नव्हती. बाहेर मीच जात होतो, एवढे लिहून पुढे जातो. दवाखान्यातल्या लोकांनी तिला मला लांबून दाखवले आणि परस्पर स्मशानात नेले. आकाशला मीच येऊ नको म्हणालो, तसा नियम होता.

मी एकटा घरी आलो तेव्हा गल्लीतले सगळे आपापल्या दारात उभे होते. प्रत्येकाचा मास्क नाकाच्या वर. दोघादोघांमध्ये अंतर. लांबूनच हात जोडले आणि दारे लावून घेतली. वर्षभर घसा कोरडा करून मी जे सांगत होतो ते त्यांनी त्या दिवशी बिनचूक पाळले. तक्रार करायला मला तोंड नव्हते.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठले-भाकरी आणतात, सोबत बसून घास मोडतात, त्याला कडू घास म्हणतात. तो घेऊन एकच माणूस आले, शेजारच्या आशाबाई बद्रीनाथ औताडे. आशाबाईंनी मास्क कधी लावला नाही. पदर तोंडावर घेत, आणि माझ्याशी बोलताना तोही सोडत, कारण वडीलधाऱ्या माणसाशी तोंड झाकून बोलू नये अशी त्यांची रीत. मी त्यांच्याइतके कोणालाच रागावून बोललेलो नाही.

दुसरेही लिहिले पाहिजे. आम्ही बौद्ध, ते मराठा. शेजार चांगला, पण आमच्या घरी चहा पुढे केला की आशाबाईंना उपास असायचा. सोमवारी महादेवाचा, गुरुवारी दत्ताचा. बुधवारी कोणाचा, हे रत्नमालाने कधी विचारले नाही. त्या गेल्या की ती हसायची, आणि मग तो चहा मोरीत ओतायची.

त्या दिवशी मी आतूनच सांगितले, ओट्यावर ठेवा आणि जा, घरात रोग आहे. त्या दार ढकलून आत आल्या.

"तोंड बांधून घास देता येत नाय, भाऊ."

त्यांनी रत्नमालाच्या मांडणीवरची थाळी घेतली, भाकरी मोडली, एक घास मला दिला आणि त्याच थाळीतला एक स्वतः खाल्ला.

"आज एकादशी हाय," त्या म्हणाल्या. "खरीच हाय."

मला राग यायला हवा होता, किंवा रडू. काहीच आले नाही. घासाला चवही लागली नाही. चव रोगाने गेली होती, असे डॉक्टर म्हणतात. अजून नीट परत आलेली नाही.

पुढे आशाबाईंना ताप आला, अंथरुणाला खिळल्या आणि बऱ्या झाल्या. मी त्यांना हाकलले का नाही, म्हणून बद्रीनाथराव माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचे बरोबर आहे.

६. रत्नमालाची स्वयंपाकघरातली सर्व भांडी आशाबाईंना द्यावीत.

हे कलम रद्द. कारण असे: मृत्युपत्राला दोन साक्षीदार समोर बसलेले लागतात. एक डॉ. अतुल. दुसरे माणूस मला मिळेना, गल्लीत मी कोणाशी बोलणे ठेवलेले नाही. आशाबाईंना विचारले. वकील म्हणाले, ज्याला वस्तू मिळणार त्याने साक्षीदार नसलेले बरे, मागाहून वाद निघतात. मी आशाबाईंना म्हणालो, भांडी घ्या, सहीचे बघू. त्या म्हणाल्या,

"भांडी नेली तर आमच्या घरात राहतेल का नाय, मला सांगता येत नाय. सही माझी हाय. ती करते."

भांडी आकाशने विहारात द्यावीत.

७. माझे मयत. गल्लीत कोणालाही कळवू नये. आकाशने महानगरपालिकेची गाडी बोलवावी आणि सरळ न्यावे. बुद्धवंदना स्मशानातच घ्यावी. घरी बसायला कोणी येऊ नये, दारातून हात जोडू नयेत. एकदा अंतर ठेवलेच आहे, तेच पुढे चालू द्यावे. हे मी रागाने लिहीत नाही. राग असता तर मोठ्या अक्षरांत लिहिले असते.

हा कागद मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि दोघांच्या देखत खाली सही केली. डॉक्टरांनी न वाचता सही केली. आशाबाई वाचल्याशिवाय करणार नाही म्हणाल्या, म्हणून त्यांना वाचायला दिला.

ठिकाण: हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) धम्मपाल कचरू दाभाडे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. अतुल पाठे
२. (सही) आशाबाई बद्रीनाथ औताडे. कलम सात मी वाचलं. मला कुणी कळवायची गरज नाय, भाऊ. आपली भिंत एकच हाय.