जाड चोचीची पिल्लं

बेटावरून,
३ डिसेंबर १९७७

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पॅसिफिकमधल्या या बेटावर वर्षभर पाऊस नाही. बारीक, मऊ बी पाखरांनी कधीच संपवलं. उरलंय ते टणक, काटेरी. जाड चोचीचे पक्षी ते फोडतात. बारीक चोचीचे आमच्या तंबूपाशी येऊन मरतात. प्रत्येकाच्या पायात नंबराची कडी मीच घातलेली, त्यामुळे कोण गेलं ते कळतं. डब्यात तांदूळ आहे, पण टाकायचा नाही. नुसतं मोजायचं.

जानेवारीत येते म्हणाले होते. पण वाचलेल्यांची पिल्लं कशी निघतात ते पाहायला थांबावं लागेल. आईला तुम्हीच सांगा.

रागावलात तरी लोभ ठेवा.

तुमची वंदना

बरखेडा, भोपाळ,
१६ जानेवारी १९७८

चि. वंदनास अ. उ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, त्या बिचाऱ्यांना झटून चोच जाड करता येत नाही का? मी म्हटलं, जन्मतः मिळाली तीच. मग म्हणाली, जाड चोचीचेच उरले तर पिल्लं त्यांच्यावरच जाणार. एवढं बघायला वंदूने थांबायला कशाला हवं!

तिने मनाई केली आहे, तरी लिहितो. तिच्या पोटात गाठ निघाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन. मी कारखान्यातून आलो की रोज विचारते, पोस्टमन भेटला का? दिवसभर घरात तीच असते. जमलं तर ये.

वाट पाहणारा,
बाबा

बरखेडा,
२ फेब्रुवारी १९७८

चि. वंदूस अनेक आशीर्वाद.

यांनी काय लिहिलं ते मला कळलं. घाबरू नकोस आणि अजिबात येऊ नकोस. शेजारच्या शकुंतलाबाई आहेत सोबतीला. तुझ्या पलंगावरची चादर दर शनिवारी बदलते, आपली सवय म्हणून. लिंबाचं लोणचं घातलंय, मुरायला एप्रिल उजाडेल. पिल्लं नीट मोज.

आठवण असू दे.

आई

बेटावरून,
१२ मार्च १९७८

ती. आईस सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं आज एकाच बोटीने आली.

डिसेंबरअखेर पाऊस झाला होता. वाढ पुरी झालेली पहिली एकोणीस पिल्लं मोजली. दुष्काळाआधीच्या पिल्लांपेक्षा चोची सरासरी अर्धा मिलिमीटर जाड. तू म्हणालीस तसंच. पण आई, नुसतं म्हणून भागत नाही गं, मोजावं लागतं. बाकीची माझी सोबतीण मोजेल.

बाबांचं पत्र वाचून मी विचारात पडले होते. तुझं वाचलं आणि सामान बांधलं. बोट तासाभरात परत निघतेय. ऑपरेशनच्या आधी पोचते.

तुझीच,
वंदू